40 मायक्रोमीटरचा बिट

2 सप्टेंबर 2025 रोजी नवी दिल्लीतील ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेत ‘विक्रम 3201’ हा 32-बिट प्रोसेसर पंतप्रधानांना सादर करण्यात आला आणि त्या दिवशीच्या बातम्यांत मोहाली हे नाव पुन्हा पुन्हा आले. चिपची आखणी तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राच्या सहभागाने झाली, घडण मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत, 180 नॅनोमीटर तंत्राने झाली. पीएसएलव्ही-सी60 मोहिमेत तिची अवकाशात चाचणीही झालेली होती. मोबाइलमधील चिप याहून कितीतरी सूक्ष्म असते, मग यात विशेष काय, असा प्रश्न त्या आठवड्यात अनेक विद्यार्थ्यांनी विचारला. अग्निबाणाला सूक्ष्मतेहून भरवशाची गरज अधिक असते, हे त्याचे थोडक्यातले उत्तर. परंतु या लेखाचा विषय ती चिप नव्हे. त्याच संस्थेच्या नावाने चाळीस वर्षांपूर्वी निघालेले एक यंत्र आणि मोहालीच्याच सेक्टर 67 मधल्या एका जेवणाच्या टेबलावर त्या यंत्राशी झालेली झटापट, हा आहे.

पत्त्यावर अनेकदा ‘चंडीगड’ असे लिहिले जात असले तरी सेक्टर 67 पंजाबात, साहिबजादा अजितसिंग नगर म्हणजे मोहालीत येतो. चंडीगडच्या सेक्टरांची आकडेमोड सीमा ओलांडून तशीच पुढे चालू राहते, म्हणून बाहेरच्या माणसाची गफलत होते. सेमीकंडक्टर लॅबोरेटरी सेक्टर 72 मध्ये, आयसर सेक्टर 81 मध्ये. या सेक्टर 67 मध्ये मुलाकडे राहायला आलेल्या नागपूरच्या एक निवृत्त शिक्षिका आपल्या सामानात बुटांच्या खोक्यात भरलेल्या सात कॅसेटी घेऊन आल्या होत्या. नात आयसरमध्ये भौतिकशास्त्र शिकते. ‘विक्रम’ची बातमी ती मोठ्याने वाचून दाखवत असताना आजींनी विचारले, “मोहालीचं म्हणजे, ते युनिकॉर्नवालंच का गं?”

नातीला युनिकॉर्न ठाऊक नव्हता. तो ठाऊक असण्याचे कारणही नाही.

सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड हे या प्रयोगशाळेचे पूर्वीचे नाव. 1976 मध्ये स्थापना, 1984 मध्ये 5 मायक्रॉन तंत्राने उत्पादनाचा आरंभ, 7 फेब्रुवारी 1989 रोजी लागलेल्या आगीत कारखाना भस्मसात, आणि मग अनेक वर्षांची उभारणी, असा तिचा इतिहास आहे. आगीपूर्वीच्या त्या काळात या कंपनीने इंग्लंडमधील केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीच्या ‘बीबीसी मायक्रो’ या घरगुती संगणकाची भारतीय आवृत्ती ‘युनिकॉर्न’ या नावाने काढली. बीबीसी मायक्रो डिसेंबर 1981 मध्ये बाजारात आला होता. 6502 जातीचा, 2 मेगाहर्ट्‌झ गतीचा प्रोसेसर. 32 किलोबाइट स्मृती. आणि सोफी विल्सन यांनी लिहिलेली बेसिक भाषा. 1984-85 मध्ये भारत सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला तेव्हा याच जातीचे यंत्र निवडले आणि अशी सुमारे 12,000 यंत्रे राज्यांमार्फत शाळांना देण्यात आली. आज चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळ भारतीय अभियंत्यांनी आयुष्यातील पहिला संगणक पाहिला तो हाच. चप्पल बाहेर काढून, रांगेत उभे राहून, एका वेळी तिघांनी.

आजींच्या शाळेत असे यंत्र आले होते. त्या भौतिकशास्त्र शिकवीत, आणि यंत्राच्या मागच्या बाजूला असलेला ॲनालॉग पोर्ट त्यांच्या नजरेत भरला. बाहेरचा विद्युत्‌दाब मोजून त्याचा आकडा करणारी अशी सोय त्या काळच्या घरगुती संगणकांत सर्रास नव्हती. त्यांनी मुलींकडून एक थर्मिस्टर त्याला जोडून घेतला, बर्फाच्या आणि उकळत्या पाण्यात बुडवून त्याचे प्रमाणीकरण केले, आणि एप्रिल 1988 मध्ये, परीक्षा संपल्यानंतरच्या आठवड्यात, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच दर तासाला शाळेच्या गच्चीवरील सावलीचे तापमान नोंदवले. दर तासाला वेगळी मुलगी. तिने आपले नाव टंकायचे, कळ दाबायची, यंत्राने आकडा वाचायचा आणि दोन्ही कॅसेटवर साठवायचे. नावे रोमन अक्षरांत, कारण यंत्राला देवनागरी येत नव्हती.

कॅसेटी होत्या, यंत्र नव्हते. ते समोरच्या घरातून आले. तेथील सरदारजींचे आयुष्य इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीत गेले आहे आणि कुठल्याशा लिलावातून आणलेला एक युनिकॉर्न त्यांच्या माळ्यावर पडून होता. “भैणजी, चलेगा या नहीं, वाहेगुरू जाणे,” असे म्हणत त्यांनी तो आणून ठेवला. थेट विजेला जोडण्याचा मोह त्यांनी होऊ दिला नाही. जुन्या यंत्रांच्या वीजपुरवठ्यातील कपॅसिटर प्रथम बदलावेत, नाही तर ते धूर सोडून निरोप घेतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. तीन कपॅसिटर बदलून झाले, आणि चौथ्या संध्याकाळी यंत्राने आपला दोन स्वरांचा ‘बीप’ दिला. आजी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या त्या हातातले लाटणे तसेच घेऊन.

कॅसेटवर संगणकाची माहिती कशी राहते, हे नव्या वाचकांना सांगायला हवे. टेपला फक्त आवाज कळतो. तेव्हा 0 आणि 1 यांना आवाजाचे रूप द्यावे लागते. नोव्हेंबर 1975 मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे ‘बाइट’ मासिकाने बोलावलेल्या बैठकीत त्याचा एक संकेत ठरला: 1200 हर्ट्‌झची चार आवर्तने म्हणजे 0, आणि 2400 हर्ट्‌झची आठ आवर्तने म्हणजे 1. त्यातून सेकंदाला 300 बिट जात. एकॉर्नने हाच संकेत चौपट वेगाने वापरला. 1200 हर्ट्‌झचे एक आवर्तन 0, 2400 हर्ट्‌झची दोन आवर्तने 1. प्रत्येक बाइटच्या आधी एक आरंभ-बिट आणि शेवटी एक विराम-बिट, म्हणजे बाइटमागे दहा बिट. हिशेब सेकंदाला 120 बाइटांचा.

टेप सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकते. त्याला 1200 ने भागले की एका बिटाच्या वाट्याला टेपची किती लांबी येते ते कळते: सुमारे 40 मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या जवळपास अर्धी. एका बाइटला 0.4 मिलिमीटर. यंत्राची संपूर्ण 32 किलोबाइट स्मृती टेपवर पसरली तर 13 मीटर जागा व्यापेल. हे आकडे लक्षात ठेवावेत. टेपला पडलेली सुरकुती डोळ्यांना दिसते तेव्हा तिच्याखाली किती अक्षरे गेली हे त्यांवरून सांगता येते. (‘विक्रम’मधील 180 नॅनोमीटरच्या मापाने पाहिले तर या एका बिटाच्या लांबीत तशी 220 मापे बसतात. हा केवळ गमतीचा हिशेब. त्यातून प्रगतीचे निष्कर्ष काढू नयेत.)

पहिल्या कॅसेटवर प्रोग्राम होता. टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटने पुसून, त्याचा कोन छोट्या स्क्रूने किंचित फिरवून आवाज कमाल खणखणीत होईल असा लावून, तो युनिकॉर्नमध्ये एकदाचा उतरला. पडद्यावर नाव आले आणि त्यापुढे ठोकळ्यांचे क्रमांक चढत गेले. आता तो लॅपटॉपवर न्यायचा. यंत्राच्या मागे सिरियल पोर्ट आहे, पाच पिनांचा. त्याचा प्लग सरळ आणि उलटा दोन्ही प्रकारे आत बसतो, आणि एकाच प्रकारे चालतो. या खोडीत एक संध्याकाळ गेली. तारेचे जुळल्यावर नातीने प्रोग्रामची फाइल एकेक बाइट करून पाठवली आणि लॅपटॉपवर उमटले ते असे काही की आजी चष्मा पुसून म्हणाल्या, “हे माझं नाही.”

मजकुरातील इंग्रजी वाक्ये, आकडे, चलांची नावे सगळी जागच्या जागी होती. पण जेथे ‘प्रिंट’ हा शब्द हवा तेथे नुसता क्यू, ‘फॉर’च्या जागी सी, ‘नेक्स्ट’च्या जागी एम.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बीबीसी बेसिक आपले आदेश अक्षरश: साठवत नाही. जागा वाचावी म्हणून प्रत्येक आदेशाला एक बाइट नेमून दिलेला असतो: ‘प्रिंट’ला 241, ‘फॉर’ला 227, ‘नेक्स्ट’ला 237. साधी रोमन अक्षरे आणि चिन्हे 0 ते 127 मध्ये संपतात. हे खुणेचे बाइट त्याच्या वरच्या अर्ध्या भागात, आठव्या बिटाच्या आधाराने राहतात. लॅपटॉपवरील संवाद-प्रोग्रामची मांडणी चुकून सात बिटांवर होती. आठवा बिट दारातच गळून पडला. 241 मधून 128 गेले, उरले 113, आणि 113 म्हणजे क्यू. दिसायला मजकूर, आत मात्र द्विमान फाइल. जुन्या संगणकांच्या फाइली हलवताना होणाऱ्या नुकसानीचा मोठा भाग या एका गैरसमजात सापडतो.

मराठी वाचकाने यावर क्षणभर थांबावे. भारतीय लिप्यांसाठी पुढे 1991 मध्ये मान्य झालेल्या ‘इस्की’ या प्रमाण संकेतात आपली अक्षरे नेमकी याच वरच्या अर्ध्या भागात बसवलेली आहेत. त्यात क म्हणजे 179, म म्हणजे 204, ळ म्हणजे 210. सात बिटांच्या वाटेने ‘कमळ’ पाठवले तर पलीकडे 3, एल, आर अशी तीन निरर्थक चिन्हे निघतात. इंग्रजी मजकुराला त्या वाटेवर खरचटतही नसे. त्यामुळे ती वाट सदोष आहे हे तिच्या बांधणाऱ्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला, यात नवल नाही. आजींच्या दुसऱ्या एका कॅसेटवर मुलींनी केलेले देवनागरी आकडे होते. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत एकेक आकडा बसवायचा, प्रत्येक ओळीचा एक बाइट, म्हणजे दहा आकड्यांना ऐंशी बाइट. त्यांतला ‘५’ थोडा वाकडा आहे.

अशा अरुंद वाटेवरून द्विमान फाइल न्यायची तर ती आधी निरुपद्रवी अक्षरांत बांधून घ्यावी लागते. सर्वांत सोपा मार्ग षोडशमानाचा. प्रत्येक बाइटचे चार-चार बिटांचे दोन भाग करून प्रत्येकासाठी शून्य ते नऊ किंवा ए ते एफ यांतले एक चिन्ह लिहायचे. माल दुप्पट होतो, पण वाटेत काही सांडत नाही. याहून काटकसरी रीत म्हणजे तीन बाइटांचे चोवीस बिट सहा-सहाच्या चार गटांत वाटून चार अक्षरे करणे. त्यात वाढ केवळ एक तृतीयांश होते. ईमेलला छायाचित्र जोडले की आजही पडद्यामागे बहुधा हेच घडते. नातीला दुसरी रीत सुंदर वाटत होती. आजींनी पहिली निवडली. त्यांच्या बेसिकमध्ये एका छोट्या चिन्हाने आकडा षोडशमानात छापता येतो, प्रोग्राम चार ओळींत होतो, आणि चूक झाली तर ती कागदावर बोट ठेवून शोधता येते. मांडणी आठ बिटांवर आणली असती तर बांधाबांध लागलीही नसती. पण एकदा पोळलेल्या आजी ताक फुंकून पीत होत्या, आणि त्यात वावगे काही नाही.

लॅपटॉपवर फाइल आली तरी काम संपत नाही. टेपवरील प्रत्येक ठोकळ्याच्या शीर्षात नावासोबत दोन पत्ते असतात: फाइल स्मृतीत कोठे उतरवायची आणि कोठून चालवायला घ्यायची. लॅपटॉपच्या फाइलीत यांना जागाच नाही. बेसिकचा प्रोग्राम त्यावाचूनही निभावून नेतो. तापमानाचा आलेख काढणारा तुकडा मात्र यंत्रभाषेत होता आणि भलत्या पत्त्यावर उतरल्यावर त्याने पडदा रंगीत रेघोट्यांनी भरून टाकला. म्हणून प्रत्येक फाइलीच्या शेजारी तिचे पत्ते लिहिलेली एक चिमुकली फाइल ठेवण्याची या यंत्रांच्या जतनकर्त्यांची पद्धत आहे, ती नातीनेही उचलली.

खरा पेच शेवटच्या कॅसेटवर आला. तापमानाच्या नोंदी तिच्यावर होत्या. पंचवीसएक वर्षांपूर्वी कोणीतरी ती गाण्यांची समजून लावली होती, ती प्लेअरमध्ये गुंतली होती, आणि पेन्सिल घालून गुंडाळून परत ठेवली होती. टेपवर एक आडवी सुरकुती स्पष्ट दिसत होती. त्या जागी यंत्र थबकले, पडद्यावर ‘डेटा?’ असा प्रश्न आला आणि टेप मागे घेण्याची सूचना.

हा प्रश्न यंत्र कशाच्या जोरावर विचारते? शाळेत गुणाकाराचा पडताळा नऊने घेण्याची रीत अनेकांना आठवत असेल. आकड्यांची बेरीज करून नवाने भागले असता उरणारी बाकी जुळली नाही तर उत्तर नक्की चूक. जुळली तर बरोबर असण्याचा संभव. टेपवरील पडताळाही बाकीचाच असतो. ठोकळ्यातील जास्तीत जास्त 256 बाइट ही एकच लांबलचक द्विमान संख्या मानून, हातच्याशिवाय चालणाऱ्या एका विशिष्ट भागाकाराने तिची 16 बिटांची बाकी काढतात आणि ठोकळ्याच्या शेवटी लिहून ठेवतात. वाचताना बाकी पुन्हा काढायची. जुळली नाही की ‘डेटा?’.

नातीने आता युनिकॉर्नला बाजूला ठेवून टेपचा आवाज सरळ लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित केला, सेकंदाला 44,100 नमुने, म्हणजे एका बिटाला जवळजवळ 37. यंत्राच्या कानापेक्षा हा कान तीक्ष्ण. लहर शून्यरेषा कोठे ओलांडते ते मोजत जाऊन तिने सगळे ठोकळे सोडवले. सुरकुतीच्या ठोकळ्यातही सुरकुतीच्या अलीकडचे आणि पलीकडचे सारे वाचता आले. बेपत्ता राहिला 4 मिलिमीटरचा तुकडा. दहा बाइट.

हे दहा बाइट म्हणजे एक नोंद. त्या आठवड्यातल्या बुधवारची, दुपारी दोनची. नोंदीची रचना ठरलेली होती: आधी नावाची लांबी, मग नाव, मग आकडा. बीबीसी बेसिक नावे टेपवर उलट क्रमाने लिहिते, ‘नागपूर’ रोमन अक्षरांत आर-यू-पी-जी-ए-एन असे, त्यामुळे नातीला पहिल्या दिवशी ती नावे परभाषेतली वाटली होती. लांबीचा बाइट सुरकुतीच्या अलीकडे शाबूत होता. त्यात 5 होते. पाच अक्षरांचे नाव आणि एक तापमान, एवढे हरवले होते.

आजींनी विचारले, “नाव कुणाचं असेल?” आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा निराळा लागला.

त्या वर्गातील एका मुलीचे लग्न त्याच उन्हाळ्यात ठरले. नववीत होती. आजी तिच्या घरी जाऊन बसल्या, वडिलांशी बोलल्या, चहा घेऊन परत आल्या. घरच्यांनी सांगितले की मुलगी परीक्षा संपताच गावी गेली आहे. आजींच्या आठवणीत मात्र ती परीक्षेनंतरही गच्चीवर आली होती, थर्मिस्टरवर वहीची सावली धरून उभी होती. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत. गेली सदतीस वर्षे आजींचे मत कधी इकडे तर कधी तिकडे झुकत राहिले. आपण निघायला उशीर केला की वेळेत गेलो होतो, एवढाच तो प्रश्न होता, आणि तो त्यांनी कोणाला सांगितलेला नव्हता. त्या मुलीचे नाव उरलेल्या नोंदींत कोठेही नव्हते. रोमन लिपीत ते पाच अक्षरांचे होते.

यानंतरची युक्ती नातीची. बाकी शाबूत होती. ती सुरकुतीच्या पुष्कळ पुढे, ठोकळ्याच्या शेवटी होती. म्हणजे हरवलेल्या दहा बाइटांविषयी 16 बिटांची माहिती अजून हातात होती. तेवढ्यावर नाव काढता येत नाही. पण कोणी नाव सुचवले तर ते तपासता येते. नाव घातले की उरतात आकड्याचे दोन बाइट, म्हणजे बरोबर 16 बिट. आणि बाकीचे गणित असे की अशा सलग 16 बिटांसाठी जुळणारी किंमत नेमकी एकच निघते. आता हे यंत्र ॲनालॉग पोर्टचा आकडा नेहमी सोळाच्या पटीत देते. तेव्हा नाव चुकीचे असेल तर निघालेली किंमत सोळाच्या पटीत असण्याची शक्यता सोळात एक. शिवाय ती एप्रिलमधल्या दुपारच्या तापमानात बसायला हवी. प्रोग्रामच्या टिपेत लिहिलेल्या प्रमाणीकरणानुसार 38 ते 45 अंशांच्या पट्ट्यात सुमारे 200 आकडे येत होते. 65,536 पैकी 200, म्हणजे साधारण 330 मध्ये एक.

आजींनी दोन दिवसांत वर्गाची हजेरी आठवून लिहून काढली. 38 नावे. रोमन लेखनात पाच अक्षरांची सात निघाली, आणि काही नावांचे स्पेलिंग दोन प्रकारे होऊ शकत असल्याने तपासण्यासाठी एकूण अकरा रूपे झाली. नातीने तिला कोणते नाव महत्त्वाचे आहे हे विचारले नाही आणि आजींनीही सांगितले नाही. हे बरे झाले. मोजणाऱ्याला अपेक्षित उत्तर ठाऊक नसावे, हा प्रयोगशाळेतला जुना शहाणपणा घरातही लागू पडतो.

अकरापैकी नऊ रूपे सोळाच्या पटीच्या कसोटीवरच गळाली. दोन उरली. पहिल्या नावाने तापमान आले 11 अंश. नागपूरच्या एप्रिलमध्ये दुपारी दोनला ते अशक्य. दुसऱ्याने आले 41.8. त्याच दिवशी एक वाजताची नोंद 41.3 होती आणि तीनची 42.1.

नातीने दुसरे नाव वाचले. आजी काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “कितीत एक म्हणालीस?”

“एका नावाला तीनशे तीसात एक. पण आपण अकरा रूपं तपासली ना आजी, म्हणजे तिसात एक धर. आणि तुला एखादं नाव आठवलंच नसेल, तर ते या हिशेबात नाही.”

हा हिशेब प्रामाणिक होता आणि तो तसाच सांगितला जाणे आवश्यक होते. पडताळ्याने खोटे उघडे पडते. खरे सिद्ध होतेच असे नाही. पुरेशी नावे सुचवत गेले तर कोणते ना कोणते जुळतेच. जुन्या फाइली दुरुस्त करणारे अनेकजण येथे घसरतात; बाकी जुळवून घेतलेला ठोकळा मूळ ठोकळा म्हणून पुढे जातो आणि दहा वर्षांनी त्याला कोणी विचारत नाही. नातीने ध्वनिमुद्रणाची मूळ फाइल, सुरकुतीसकट, हात न लावता वेगळी ठेवली. दुरुस्त प्रत दुसऱ्या नावाने केली. त्या प्रतीत काय लिहायचे हे मात्र तिने आजींवर सोपवले.

“नाव घाल,” आजी म्हणाल्या, “आणि पुढे प्रश्नचिन्ह.”

त्याने नाव सहा अक्षरांचे झाले. लांबीचा बाइट 5 चा 6 करावा लागला, पुढच्या सगळ्या नोंदी एकेक घर सरकल्या, बाकी नव्याने काढावी लागली. नातीने ते न कुरकुरता केले.

दुरुस्त फाइल परत आवाजात बदलून मोबाइलमध्ये घातली. कॅसेटच्या जागी मोबाइलच्या हेडफोनची तार युनिकॉर्नला जोडली. त्या मोबाइलमधील प्रोसेसर ज्या एआरएम घराण्यातला, त्याची पहिली चिप एप्रिल 1985 मध्ये एकॉर्ननेच बनवली, आणि तिच्या आदेशसंचाचे पहिले अनुकरण सोफी विल्सन यांनी बीबीसी बेसिकमध्येच लिहिले होते. हे नातीने सांगितले तेव्हा सरदारजी हसून म्हणाले, “मतलब पोता दादे नू पढ़ा रेहा है.”

मोबाइलमधून ती कर्कश शीळ सुरू झाली. पडद्यावर ठोकळ्यांचे क्रमांक चढू लागले. सुरकुतीचा ठोकळा आला आणि गेला, यंत्राने काही विचारले नाही. मग आलेख उमटला, बुधवारची रेघ दहापासून चढत दोनपर्यंत. आजींनी खुर्ची पुढे ओढली आणि त्या ठिपक्याखाली, पडद्याच्या काचेवर, बोट ठेवले. सरदारजींनी विचारले, “भैणजी, ए की है?”

“दोन वाजले,” त्या मराठीतच म्हणाल्या.